तुकोबांचा पूल : रेव्हरंड टिळकांचं चरित्र कसं वाचावं?

(सोलापूर येथे झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)

मागच्या खेपेला आपण बाबा पदमनजींविषयी बोललो. तेव्हा जाता जाता दोघा-तिघांनी विचारलं, की सर, टिळकांवर कधी? कोणते टिळक, असं मी मुद्दाम विचारलं, तर ते म्हणाले, कवी टिळक, 'फुलांमुलांचे कवी'. आजच्या व्याख्यानाची सुरुवात मी तिथूनच करतो. रेव्हरंड नारायण वामन टिळक, जन्म ६ डिसेंबर १८६१, मृत्यू ९ मे १९१९. या माणसाच्या आयुष्यातली जवळजवळ पंचवीस वर्षं धर्म या एका गोष्टीने व्यापलेली होती. पाळक म्हणून दीक्षा, धर्मशाळेत अध्यापन, 'ज्ञानोदया'च्या मराठी विभागाचं संपादन, अभंग, पदं, कीर्तनं, आणि शेवटी संन्यास. आणि आपण त्यांना ओळखतो ते फुलांचे आणि मुलांचे कवी म्हणून! 'केवढे हे क्रौर्य' ही कविता आपल्यातल्या बहुतेकांनी शाळेत पाठ केली. तो घायाळ पक्षी ज्याने रंगवला तो पुढे पाद्री झाला, हे किती जणांना सांगितलं गेलं?

ही केवळ माहितीची उणीव आहे असं मला वाटत नाही. यात एक सोय आहे. माणसाचा न पेलणारा भाग बाजूला काढायचा आणि पेलणारा भाग पाठ्यपुस्तकात घालायचा.

तर आज टिळकांचं चरित्र सांगण्यापेक्षा, ते चरित्र आपल्यापर्यंत कसं पोचलं आणि पोचताना त्यातून काय सांडलं, हे पाहू. मी साहित्याचा माणूस नाही, तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलं. त्यामुळे काव्यगुणांवर मी फार बोलणार नाही. माझा प्रश्न विचाराचा आहे.

टिळक आपल्याला भेटतात ते तीन वाटांनी. पहिली वाट आत्ताच सांगितली, वाङ्मयेतिहासाची. दुसरी वाट म्हणजे 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाईंचं हे पुस्तक १९३४ ते १९३६ या काळात भागाभागांनी आलं. मराठी गद्याचं ते लेणं आहे, याविषयी दुमत असू नये. पण त्या पुस्तकाने टिळकांचं काय केलं? त्या पुस्तकातले टिळक कसे आहेत? हातात पैसा न टिकणारे, घरात धान्य नसताना पाहुणे घेऊन येणारे, क्षणात चिडणारे, क्षणात विरघळणारे, न सांगता घरातून निघून जाणारे. वाचताना आपण हसतो, आणि हसता हसता आपले डोळे भरतात. बाईंची विनोदबुद्धी अशी विलक्षण, की नवरा आपल्यासमोर हाडामांसाचा उभा राहतो. पण तो नवरा म्हणून उभा राहतो. तो रात्र रात्र जागून काय विचार करत होता, बुद्ध सोडला का, वेदान्त का पुरला नाही, ख्रिस्त नेमका कुठे पटला, हे बाईंनी फार थोडं सांगितलंय. त्यांना ते सांगायचंच नव्हतं, आणि त्यासाठी त्यांना दोष देणं चुकीचं. दोष आपला. एका बायकोने लिहिलेल्या आठवणी आपण नवऱ्याचं वैचारिक चरित्र म्हणून वाचत बसलो.

तिसरी वाट इंग्रजीतली. जे. सी. विन्स्लो हे अँग्लिकन धर्मगुरू. त्यांनी १९२३ मध्ये टिळकांचं इंग्रजी चरित्र लिहिलं. मनापासून लिहिलं. टिळकांपासून त्यांनी स्वतः प्रेरणा घेतली होती आणि पुढे ख्रिस्त सेवा संघ नावाचा आश्रमही काढला. पण भक्ताने लिहिलेल्या चरित्रात जे व्हायचं तेच इथे होतं. सगळी वळणं सरळ होतात. करजगावच्या ब्राह्मणाच्या घरात जन्मलेला मुलगा जणू पहिल्या दिवसापासून ख्रिस्ताकडेच निघाला होता, असं वाटायला लागतं.

म्हणजे एका पुस्तकात विक्षिप्त, एका पुस्तकात संत आणि एका पुस्तकात फुलं वेचणारा. विचार करणारा टिळक तिन्हीकडे हुकतो.

आता घटना थोडक्यात सांगतो, कारण त्या बऱ्याच जणांना माहीत आहेत. कोकणातलं करजगाव. वडील तापट, आई जानकीबाई भाविक. आई गेली आणि मुलगा घर सोडून नाशिकला आला. गणेशशास्त्री लेल्यांकडे संस्कृत शिकला. जलालपूरच्या गोखल्यांच्या मनूशी लग्न झालं, तीच लक्ष्मीबाई. पुढे नोकऱ्या, गावं, वणवण. नागपुरात अप्पासाहेब बुटींच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांचं काम केलं, 'ऋषी' नावाचं मासिक चालवलं. १८९३ मध्ये नागपूरहून राजनांदगावला जाताना आगगाडीत एका युरोपीय प्रवाशाशी गप्पा झाल्या. कवितेविषयी बोलणं सुरू झालं आणि ते ख्रिस्तावर आलं. उतरताना त्याने नवा करार हातात ठेवला आणि सांगितलं, दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल. टिळकांनी पुस्तक वाचायला घेतलं आणि डोंगरावरच्या प्रवचनापाशी अडकले. १० फेब्रुवारी १८९५ ला मुंबईत अमेरिकन मिशनच्या प्रार्थनामंदिरात त्यांचा बाप्तिस्मा झाला. बाप्तिस्मा द्यायला त्यांना गोरा मिशनरी नको होता, देशी पाळकच हवा होता. तो देणाऱ्या पाळकांचं नाव होतं रेव्हरंड तुकाराम नथोजी. योगायोगावर तत्त्वज्ञान उभारू नये हे मला ठाऊक आहे, पण हा योगायोग मला सोडवत नाही.

लक्ष्मीबाईंना हे आधी सांगितलेलं नव्हतं. नातलगांनी त्यांना जपलं, सांभाळलं, आणि त्या काळात त्या काही दिवस राहिल्या कुठे? तर आपल्याच जिल्ह्यात, पंढरपुरात. नवरा तुकोबांच्या बोटाला धरून ख्रिस्ताकडे गेला आणि बायको विठोबाच्या गावात त्याच्या नावाने रडते आहे. या ताटातुटीला चार-पाच वर्षं झाली. मग त्या परत आल्या, आधी ख्रिस्ती न होता, सोवळं सांभाळून. आणि मग एक दिवस स्वतःच्या बुद्धीने त्यांनी जातिभेद टाकला. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. 'स्मृतिचित्रे'तला जातिभेद गळून पडण्याचा तो प्रसंग पुन्हा वाचा. वडिलांच्या सोवळ्याच्या वेडात वाढलेली बाई, कुठलाही ग्रंथ पुढे न ठेवता, साध्या विचाराने जिथे पोचते तिथे पोचायला आमच्या कित्येक आचार्यांना जमलं नाही.

आता मूळ मुद्दा. टिळकांनी सांगितलं की आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो. हे वाक्य फार गाजलं. मिशनऱ्यांना ते आवडलं, उदार हिंदूंनाही आवडलं. सगळ्यांना एकदम आवडणारं वाक्य दिसलं की मी जरा सावध होतो.

पूल म्हणजे काय? पूल ही अशी जागा आहे, जिथे कोणी राहत नाही. लोक पलीकडे जाण्यासाठी पूल वापरतात. मग पलीकडे गेल्यावर पुलाचं काय? एक उत्तर त्या काळात तयारच होतं. फर्कर नावाच्या विद्वान मिशनऱ्याने १९१३ मध्ये हिंदू धर्माच्या मुकुटावर एक ग्रंथ लिहिला. त्याचा आशय असा, की हिंदू धर्मात जे उत्तम आहे त्याची पूर्तता ख्रिस्तात होते. म्हणजे तुकाराम हा जिना आणि ख्रिस्त हा माळा. हे उत्तर वरून गोड आहे. पण त्यात तुकारामाचं स्वतःचं काही उरत नाही.

टिळकांनी हे उत्तर पुरतं स्वीकारलं नाही, असं माझं वाचन आहे. कारण पुलावरून उतरल्यावरही ते अभंगच लिहीत राहिले. 'अभंगांजली' पाहा. ख्रिस्ताला ते गुरू म्हणतात, माउली म्हणतात. माउली हा शब्द वारकरी ज्ञानोबांसाठी वापरतात, आणि तो उचलून ख्रिस्ताला लावताना टिळकांना तो शब्द उसना वाटत नाही. त्यांचा असा विचार होता, की यहुद्यांना जसा जुना करार, तसे आपल्याला आपले संत. हा विचार त्या काळाच्या मानाने केवढा धीट होता! म्हणजे मराठी ख्रिस्ती माणसाने अब्राहाम आणि दावीद यांच्या आधी ज्ञानदेव-तुकाराम यांच्या पायाशी बसावं. जुना करार हा पूल नसतो. तो टाकून देता येत नाही, तो बायबलाच्याच पुठ्ठ्यात बांधलेला असतो.

इथपर्यंत मी टिळकांच्या बाजूने आहे. पण आता एक अडचण सांगतो. तत्त्वज्ञानाच्या माणसाने ती सांगायलाच हवी.

विन्स्लोंच्या चरित्रात टिळकांचं एक प्रतिपादन दिलेलं आहे. भक्तिमार्गातल्या चार मुक्ती आपल्याला ठाऊक आहेत: सलोकता, समीपता, सरूपता, सायुज्यता. टिळकांनी त्यांच्या शेजारी ख्रिस्ताची चार आवाहनं ठेवली. माझ्यामागे या, माझं जू घ्या, माझ्यासारखे व्हा, माझ्यात राहा. या चार पायऱ्यांमुळे ख्रिस्ताच्या बोलण्याचा अर्थ आपल्याला उलगडला, असं ते सांगतात. मांडणी सुंदर आहे. त्यात भाषेचीही एक गंमत आहे. सायुज्य हा शब्द 'युज्' धातूवरून आला, बैलाच्या मानेवरचं आपलं 'जू' हेही त्याच कुळातलं, आणि इंग्रजीतला 'योक' हा शब्दही दूरच्या नात्याने त्यांचा भाऊबंद. आपल्या भागात औत धरलेल्या माणसाला सायुज्य समजावून सांगायला भाष्य लागत नाही. एका जुवाला दोन बैल. एकत्र चालतात, पण दोन असतात. अद्वैतवाद्याला हे सायुज्य चालणार नाही, टिळकांना नेमकं हेच हवं होतं. देवाशी जोडलं जायचं, पण विरघळून जायचं नाही.

ठीक. पण तुकोबांना यातलं काय हवं होतं? तुकोबा या चारही मुक्ती घ्यायला तयार नाहीत! हा माणूस देवाला सांगतो, की मला मोक्ष नको, संपत्ती नको, संतांचा संग दे, आणि त्यासाठी पुन्हा गर्भवास सोसायला लागला तरी हरकत नाही. मुक्तीची शिडी ही पंडितांची. वारकऱ्याने तिला पाय लावला नाही, तो खालीच नाचत राहिला. माझा आक्षेप असा, की टिळकांनी ज्या तुकारामाचा पूल बांधला तो गणेशशास्त्री लेल्यांच्या विद्यार्थ्याने वाचलेला तुकाराम होता. दिंडीत चालणाऱ्याचा तुकाराम वेगळा. हा तुकाराम छापील होता. सरकारी मदतीने तुकोबांची गाथा १८६९ पासून छापून निघाली, प्रार्थना समाजाने १८६७ पासून तुकोबा आणि बायबल शेजारी शेजारी ठेवून वाचायला सुरुवात केली होती. टिळकांच्या आधीच पुलाचे खांब उभे होते. त्या वाचनात तुकाराम होता, पण विठोबा अंधुक होत गेला होता. आणि पंढरी, चंद्रभागेचं वाळवंट, वारीची गर्दी, हे तर गळूनच पडलं.

वारकरी पंथातून पंढरपूर काढलं तर काय उरतं, हा प्रश्न सोलापूरकरांना विचारायला मला संकोच वाटत नाही. आषाढीला आपल्या रस्त्यांवर काय असतं ते तुम्ही दरवर्षी पाहता. ती भक्ती पायांनी केली जाते, आणि घोळक्याने केली जाते. टिळकांचा अभंग बहुधा खोलीत बसलेला आहे. आर्त आहे, खरा आहे, पण एकट्याचा. एक लहानशी खूण देतो. तुकोबा अभंगाच्या शेवटी आपलं नाव घालतात. नाव घातलं की माणूस, गाव, दुकान, बायको, कर्ज सगळं मागून येतं. टिळकांची मुद्रा 'दास'. नम्र आहे, पण कोणाचीही असू शकते.

आता या विषयातला सगळ्यात अवघड भाग. तो टाळून पुढे गेलो तर व्याख्यान सोपं होईल, पण खोटं होईल.

टिळक ज्या मंडळीत आले ती मंडळी कोणाची होती? अमेरिकन मराठी मिशनचं काम नगर, सोलापूर, सातारा या पट्ट्यात होतं. त्यातले बहुसंख्य ख्रिस्ती महार आणि मांग समाजांतून आलेले होते. टिळक चित्पावन. टिळकांना वाटत होतं, की या मंडळीचं ख्रिस्ती जीवन परकं झालंय, विलायती चालीवर गायलं जातंय, म्हणून टाळ-मृदंग, अभंग, कीर्तन परत आणावं. हेतू चांगलाच. त्यांच्याआधी कृष्णराव सांगळ्यांनी नगरकडे ख्रिस्ती कीर्तन सुरूही केलं होतं. पण ज्यांना हे 'परत' द्यायचं, त्यांच्याकडे ते पूर्वी कितपत होतं? चोखोबा आपल्या मंगळवेढ्याचे. आयुष्यभर देवळाबाहेर उभे राहिले, आणि गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून गेले. त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराच्या बाहेर. पंढरपूरच्या देवळाचं दार अस्पृश्यांना उघडलं १९४७ साली, साने गुरुजींच्या उपोषणानंतर. म्हणजे टिळकांच्या मृत्यूनंतरही अठ्ठावीस वर्षं ते बंद होतं.

टिळकांच्या दृष्टीने मराठी संतपरंपरा ही सोडून आलेली बाग होती. त्यांच्या शेजारी बाकावर बसलेल्या माणसाच्या दृष्टीने ती कुलूप लावलेली बाग होती. दोघांनाही बागेचा सुगंध येत होता हे खरं. पण विरह आणि मज्जाव या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि टिळकांच्या अभंगांत मला विरह भरपूर दिसतो, मज्जाव क्वचित दिसतो. टिळक जातिभेदाविरुद्ध बोलले, वागले, घरात सगळ्या जातींची मुलं वाढवली, सहभोजन ही त्यांच्या घरातली रोजची गोष्ट होती. वागण्यात ते कुठेही कमी पडले नाहीत. मी बोलतोय ते त्यांच्या कल्पनाशक्तीविषयी. 'आपली परंपरा' असं ते म्हणतात तेव्हा त्या 'आपली'मध्ये कोण कोण आहे, हे त्यांनी पुरेसं तपासलं नाही.

इथे पंडिता रमाबाईंची आठवण येते. त्याही ब्राह्मण, संस्कृत टिळकांपेक्षा काकणभर अधिकच. पण बायबलाचं भाषांतर करताना रमाबाईंनी उलटा रस्ता धरला. संस्कृत, शास्त्रातले, देवळातले शब्द शक्य तितके टाळले आणि साध्या, घरगुती मराठीकडे गेल्या. कारण त्या शब्दांना कोणता वास आहे हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. टिळक म्हणतात, जुन्या शब्दांत नवा देव आणा. रमाबाई म्हणतात, जुना शब्द आला की जुना देव आणि जुनी उतरंड मागून येते. यातलं खरं काय? माझा कल विचाराल तर, विचार म्हणून रमाबाई अधिक सावध आहेत. पण लोकांनी गायलं ते टिळकांना. 'उपासना संगीत' हातात घेऊन रविवारी कुठल्याही मराठी प्रार्थनामंदिरात बसा. खेड्यातल्या बाया टिळकांची पदं पुस्तक न उघडता म्हणतात. ज्यांच्यासाठी बाग कुलूपबंद होती त्यांनी टिळकांच्या हातून गाणं घेतलं आणि ते स्वतःचं केलं. तेव्हा मी वर केलेला आक्षेप मागे घेत नाही, पण तो टिळकांच्या विचाराला लागू आहे, त्यांच्या गाण्याला तितकासा नाही, एवढं मान्य करतो.

आणखी दोन नावं घेतो, म्हणजे टिळकांची जागा नीट दिसेल. एक नीलकंठशास्त्री गोऱ्हे, ख्रिस्ती झाल्यावर नेहेम्या गोऱ्हे. काशीचे पंडित, १८४८ मध्ये बाप्तिस्मा, १८६० मध्ये 'षड्दर्शन दर्पण'. सहाही दर्शनं एकेक करून त्यांनी तर्काच्या कसोटीवर घासली. निष्क्रिय, निर्दोष ब्रह्माला अविद्येचा लेप लागतोच कसा, हा त्यांचा प्रश्न अजूनही आम्हाला वर्गात घाम फोडतो. गोऱ्हे वारले १८९५ मध्ये, टिळकांच्या बाप्तिस्म्याच्याच साली. दुसरे बंगालचे ब्रह्मबांधव उपाध्याय. टिळकांच्याच वर्षी, १८६१ मध्ये जन्मले. त्यांनी ख्रिस्ती त्रैक्याला सच्चिदानंदाचं नाव दिलं, वेदान्ताचा पाया घातला, आणि स्वतःला हिंदू कॅथलिक म्हणवून घेतलं. गोऱ्हे युक्तिवादाने गेले, उपाध्याय वेदान्ताने. टिळक गेले गाण्याने. पहिल्या दोघांवर प्रबंध लिहिले जातात, माझ्यासारखे लोक ते तपासतात, आणि कपाटात ठेवतात. (हशा)

टिळकांवर आजही दोन बाजूंनी हक्क सांगितला जातो. एक बाजू म्हणते, पाहा, ते शेवटपर्यंत मनाने हिंदूच राहिले. दुसरी बाजू म्हणते, ही सगळी युक्ती होती, अभंगाच्या वेष्टनात धर्मांतर. दोन्ही म्हणणी मला आळशी वाटतात. पहिल्याला उत्तर सोपं आहे. १८९५ नंतरच्या चोवीस वर्षांत ख्रिस्ताखेरीज दुसऱ्या कोणाला त्यांनी गुरू मानलं असं एकही ठिकाण दाखवता येत नाही. दुसऱ्यासाठी १९१७ साल पाहावं लागेल.

१९१७ मध्ये, छपन्नाव्या वर्षी, टिळकांनी मिशनची नोकरी सोडली, पगार सोडला, नगर सोडलं, भगवी वृत्ती धरली आणि साताऱ्याला जाऊन 'देवाचा दरबार' मांडला. दरबाराची कल्पना अशी, की ख्रिस्ताचे शिष्य होऊ इच्छिणाऱ्या सगळ्यांचं एक कुटुंब, त्यात बाप्तिस्मा घेतलेले असतील आणि न घेतलेलेही असतील. नीट ऐका. ज्या विधीसाठी त्यांनी बायको, मूल, भाऊबंद, जात, सगळं पणाला लावलं होतं, तो विधी त्यांनी बावीस वर्षांनंतर प्रवेशाची अट म्हणून काढून टाकला. युक्तीने माणसं जमवणारा माणूस असं करेल? मिशनच्या खातेवहीत बाप्तिस्म्यांचा आकडा महत्त्वाचा असतो, आणि हा पाळक म्हणतो की आकडा मला नको. साहजिकच मंडळीत अस्वस्थता पसरली.

तत्त्वज्ञानाच्या दृष्टीने टिळकांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट ही आहे, आणि तिन्ही प्रकारच्या चरित्रांत तिला सर्वांत कमी जागा मिळते. कारण ती अपुरी राहिली. वीसेक महिने मिळाले, आणि १९१९ च्या मे महिन्यात मुंबईत ते गेले. अपुऱ्या गोष्टींना चरित्रकार घाबरतात. पण दरबारात टिळकांनी, मघाशी मी म्हटलेली अडचण, एकट्याच्या अभंगाची, स्वतःच ओळखली होती असं मला दिसतं. त्यांना दिंडी हवी होती. आतले-बाहेरचे असा उंबरा नसलेली माणसांची रांग हवी होती. पंढरीची वारी उंबऱ्याशी थांबत होती, आणि मंडळी आपला वेगळा उंबरा बांधून बसली होती. दोन्ही उंबरे एकदम काढायचा हा प्रयत्न होता. तो जमला असता का? मला शंका आहे. बाप्तिस्मा न घेतलेला ख्रिस्तशिष्य घरी परत गेल्यावर कोणाच्या पंगतीत बसणार, मुलीचं लग्न कुठे करणार, या प्रश्नांची उत्तरं दरबाराकडे नव्हती. आपल्याकडे धर्म म्हणजे सोयरीक आणि स्मशान, श्रद्धा नंतर येते. टिळकांना सोयरिकीची बाजू कधीच नीट कळली नाही, ती कळत होती लक्ष्मीबाईंना.

स्मशानाची बाजू मात्र त्यांनी स्वतः ठरवली. ख्रिस्ती पाळकाचं दफन व्हायचं, पण यांचं दहन झालं, त्यांच्या इच्छेप्रमाणे, आणि अस्थी नगरला नेऊन पुरल्या.

'ख्रिस्तायन' हे महाकाव्य त्यांनी हाती घेतलं होतं. फादर स्टीफन्सने ओवीत रचलेलं 'ख्रिस्तपुराण' १६१६ मध्ये छापून निघालं, त्यानंतर तीनशे वर्षांनी मराठीत पुन्हा असा प्रयत्न होत होता. टिळकांच्या हातून दहा-अकरा अध्याय झाले. पुढचे साठांहून अधिक अध्याय लक्ष्मीबाईंनी लिहिले. ज्या बाईला नवऱ्याने अक्षरओळख करून दिली, जिला न सांगता तो धर्म बदलायला गेला, तिने. शेवटचा हात मुलाने, देवदत्तांनी फिरवला आणि १९३८ मध्ये ग्रंथ निघाला. तो आज फारसा कोणी वाचत नाही. वाचावा. जिथे टिळक थांबतात आणि बाई सुरू होतात तिथे भाषा कशी खाली, जमिनीवर येते ते पाहण्यासाठी तरी वाचावा. मघाशी मी दिंडीतला तुकाराम आणि पंडितांचा तुकाराम असा फरक केला, तोच फरक एका घरात, एका ग्रंथात दिसतो.

इथे एका ताईंची चिठ्ठी आली आहे : 'पुलावरून पलीकडून अलीकडे कोणी आलं का?' चांगला प्रश्न आहे. विन्स्लो आले, मॅकनिकल आले. मॅकनिकल यांनी मराठी संतांचे अभंग इंग्रजीत नेले, ते पुस्तक टिळक गेले त्याच वर्षी, १९१९ मध्ये निघालं. बालकवी तर नगरला टिळकांच्या घरी राहिले, ख्रिस्ती न होता मुलासारखे राहिले, आणि ते घर त्यांच्या कवितेला लाभलं. नागपुरात केशवसुतांशी स्नेह जुळला तो त्याआधीचा. पण वारकरी फडातून कोणी टिळकांचा अभंग ऐकायला आला का, हे विचारायचं असेल, तर ती रहदारी फार झाली नाही. दोन्ही बाजूंनी पहारे आहेत, आणि अलीकडे ते वाढलेत.

पुढच्या खेपेला नीलकंठशास्त्री गोऱ्हे आणि त्यांचं 'षड्दर्शन दर्पण'. ज्यांना वेळ असेल त्यांनी तोपर्यंत 'अभंगांजली'तले दहा-बारा अभंग मोठ्याने वाचून या, आणि शेजारी तुकोबांची गाथा ठेवा. कुठे सांधा जुळतो आणि कुठे खटकतो, ते आपण प्रश्नोत्तरांच्या वेळी बोलू. वेळ संपली आहे, हॉलवाले दिवे मिचकावतायत.